मागचा दिवा

धामणवाडी, ता. अकोले
११ नोव्हेंबर २०२५

गोरक्ष,

पत्र पाहून घाबरू नकोस. घरी सगळी माणसे धड आहेत, गाई धड आहेत. तुझी बहीण छबू अंगणात शेंगा फोडत बसली आहे. आमच्या वाडीला मोबाईलची रेंज नीट येत नाही, आवाज तुटतो, म्हणून लिहितो आहे. डेअरीचा टेम्पोवाला कारभारी रोज दूध घेऊन संगमनेरला येतो आणि तुझ्या दुकानावरून जातो. हे पत्र त्याच्याकडे देतो. उत्तरही त्याच्याकडेच दे.

सायकलच्या धंद्यात तुझे केस पांढरे झाले म्हणून तुला विचारतो. मला सायकलला दिवे बसवायचे आहेत.

परवा पहाटे साडेपाचला फाट्यावरच्या डेअरीत दूध घालायला निघालो होतो. ओढ्याच्या वळणावर उसाची जोड-ट्रॉली इतकी जवळून गेली की उसाचे वाढे माझ्या बाहीला घासले. मी साइडपट्टीवरून खाली उतरलो. उतरलो म्हणजे पडलोच. लागले नाही, पण अर्धे दूध सांडले. डेअरीतल्या लोकांनी ते दुपारपर्यंत आदिनाथच्या कानावर घातले. दर वर्षी साखर कारखाना सुरू झाला की त्याची रात्रपाळी असते, म्हणून दूध मला घालावे लागते. लागते असे मी लोकांना सांगतो. खरे म्हणजे मला ते काम आवडते.

आदिनाथ सगळ्यांसमोर म्हणाला, "आबा, पुन्हा एकदा पडलात ना, तर सायकल भंगारात आन गाया बाजारात. मंग मला काही सांगायचं न्हाई." बोलला ते करणारा मुलगा आहे. सायकल गेली की मी ओट्यावर बसणार आणि येणारा-जाणारा विचारणार, काय आबा, बसलात का? त्याला मी काय उत्तर देऊ?

तेव्हा दिवे पाहिजेत. दिखाऊ नकोत, रोजच्याला पुरतील असे. पुढे मी विजेरी ट्यूबच्या रबराने हँडलला बांधतो, त्यामुळे पुढचे काही अडलेले नाही. मागचा मात्र तगडा पाहिजे. दोन लागले तरी चालतील. पण मध्येच विझला तर कसे कळणार? दहिवराने आत पाणी गेले तर? डेअरीच्या दारात कोणी काढून नेला तर? आणि लाल दिवा बघून एखादी गाय किंवा बैल बुजला तर? हे सगळे सविस्तर कळव.

भिमाजी


संगमनेर
१३ नोव्हेंबर २०२५

दाजी, दंडवत.

आक्काला तुमच्या घरी दिली त्याला सेहेचाळीस वर्षं झाली. तेवढ्या वर्षांत तुमचं हे पहिलं पत्र. कारभारीनं टेम्पो भर रस्त्यात उभा करून ते दिलं, तेव्हा मी हातातला पान्हा टाकून तिथंच फोडलं. आत दिवा निघाला.

दुकानात येणारं गिऱ्हाईक पहिलं हेच विचारतं, कोणता दिवा जास्त लांब फेकतो? मी सांगतो, बाबा, तुला डोंगर बघायचाय का खड्डा? तुमच्या वाडीपासून फाटा चार किलोमीटर. पंधरा-वीस पावलांवरचा खड्डा दिसला की तुमच्या चालीला पुष्कळ. त्याहून झगझगीत दिवा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. इथल्या एका मास्तरांनी हट्टानं तसला नेला होता. समोरून येणारा मोटारसायकलवाला दिपला आणि मास्तरांच्याच अंगावर आला.

मागच्या दिव्याचं याच्या उलट. त्याचा उजेड तुमच्या कामाचा नाही, तो दुसऱ्यासाठी असतो. तो लांबून दिसला म्हणजे झालं. एकच पुरे.

डायनामोचा विचार करू नका. तो टायरला घासून पाय भरून आणतो आणि सायकल थांबली की विझतो. चार्जिंगचे दिवे आता चांगले आले आहेत. तुमच्या सुनेच्या, रुपालीच्या मोबाईलच्या चार्जरवर चालतील. पावसाचं पाणी खपवून घेतात, मग दहिवर काय चीज आहे? बैल लाल दिव्याला बुजत नाही. तो तुमच्या मफलरला बुजत असेल.

आता मला सांगा. सीटखालचा दांडा मोकळा आहे का? मागं कॅरिअर आहे का? मडगार्ड शाबूत आहे का?

आणि एक गोष्ट समजली नाही. उसाच्या ट्रॅक्टरवर कर्णे असतात. त्यांची गाणी ओढ्याच्या पलीकडून ऐकू येतात, झोपलेला माणूस उठून बसतो. मग ती ट्रॉली तुमच्या बाहीला लागेपर्यंत तुम्हाला कळली कशी नाही?

तुमचा,
गोरक्ष


धामणवाडी
१५ नोव्हेंबर २०२५

गोरक्ष,

दांडा मोकळा आहे. कॅरिअर आहे, मजबूत आहे. मडगार्ड आहे, पण खडखडते असे लोक म्हणतात.

त्या दिवशी वारा उलट्या दिशेचा होता. शिवाय ट्रॅक्टरवाल्याने गाणी बंद केली असावीत. काही ड्रायव्हर सज्जनही असतात.

एकच पुरे म्हणतोस ते वाचले. पण मागून येणाऱ्याचा काही भरवसा नाही, म्हणून पुन्हा विचारतो. दोन लावले तर काही बिघडते का? एक विझला तर दुसरा राहील, असा माझा हिशेब. रात्री मला याच विचाराने झोप येत नाही. पुढचा कसाही दे.

चार्जिंग संपत आले हे दिव्यावर दिसते का? का चालता चालता एकदम अंधार?

भिमाजी


संगमनेर
१९ नोव्हेंबर २०२५

दाजी,

कारभारीकडं खोक्यात दोन दिवे दिले आहेत, एक पांढरा, एक लाल. दोन्ही मधल्या प्रतीचे. याहून भारी होते, ते तुम्हाला दिले नाहीत. भारी दिवा माणूस जपून वापरतो आणि जपता जपता लावायचाच विसरतो.

पांढरा हँडलला लावा, तोंड जरा खाली. उजेड रस्त्यावर पडला पाहिजे, झाडावर नाही. तो लुकलुकता ठेवू नका, खड्डा कळत नाही. लाल सीटखालच्या दांड्याला बांधा. रबराचा पट्टा आहे, पान्हा लागत नाही, डेअरीच्या दारात काढून खिशात टाका. दर रविवारी नि बुधवारी चार्जिंगला लावा. संपत आलं की तो स्वतःच मंद होतो, एकदम विझत नाही. तेव्हा आता झोपा.

बसवल्यावर एक काम करा. आक्काला तीस-चाळीस पावलं मागं उभी करा आणि दिसतो का विचारा. मागचा दिवा बसलेल्याला कधीच दिसत नाही. दुसऱ्यानंच सांगावं लागतं.

गोरक्ष


धामणवाडी
२ डिसेंबर २०२५

गोरक्ष,

दिवे बसवले. तू सांगितलेस तसेच केले. तिन्हीसांजेला सायकल अंगणात स्टँडवर लावली आणि छबूला मागे पाठवले. ती पार बोअरपर्यंत गेली, तरी दिवा दिसतो म्हणून तिने हात केला. पुढचा चांगला आहे. ओढ्याच्या अलीकडे एक खड्डा होता तो मला पाच वर्षांत पहिल्यांदा नीट दिसला.

पण मागच्याबद्दल लिहायचे आहे. ट्रॉल्या जशा पूर्वी जवळून जात तशाच अजून जातात. काल एक पिकअप इतकी चिकटून गेली की वाऱ्याने माझी टोपी उडाली. दिवा लावलेला होता, डेअरीत उतरल्यावर मी तो चालू असल्याचे बघितले. म्हणजे त्याचा उजेड कमी पडतो आहे. तू मधल्या प्रतीचा दिलास तिथेच चुकले असे मला वाटते. मोठा पाठव. दोन पाठव.

आदिनाथ माझ्यावर नजर ठेवून आहे. पाळीवरून आला की सायकलभोवती फिरून बघतो, कुठे खरचटले आहे का, माती लागली आहे का. परवा हँडल वाकडे दिसले म्हणून विचारले. ते गाईने वाकवले होते, पण त्याला पटले नाही.

आणखी एक. तुझी बहीण आठ-दहा दिवस माझ्याशी धड बोलत नाही. पहाटे मी निघताना दारात उभी राहून काहीतरी म्हणते, जपून जा वगैरे. मी हात वर करतो आणि निघतो. परत आलो की तोंड फिरवलेले. चहाचा कप ठेवते तोसुद्धा आपटून. वयाने माणूस चिडचिडे होते ते असे. मनात धरू नये असे मी ठरवले आहे.

मोठ्या दिव्याचे विसरू नकोस.

भिमाजी


धामणवाडी
४ डिसेंबर २०२५

गोरक्षा,

हे पत्र मी सांगते आन रुपाली लिहिते. तुह्या दाजींना ठाऊक न्हाई.

तू दिलेला लाल दिवा दिसत न्हाई. अंगणात दिसला व्हता, तवा सायकल रिकामी व्हती. पहाटं धार काढून झाली की ते दुधाचा मोठा कॅन कॅरिअरवर उभा बांधत्यात. त्या कॅनानं दिवा सारा झाकून जातो. मागून निस्ता काळा कॅन दिसतो. मी पहिल्याच दिवशी दारातून वरडले, आवं, दिवा दिसंना! त्यांनी हात वर केला आन गेले. दुसऱ्या दिवशी वरडले, हात वर केला आन गेले. शेजारची गोजरबाई चार घरं सोडून राहती, ती इचारती, छबूबाई, रोज पहाटं कसला दिवा गं? साऱ्या वाडीला ऐकू जातंय आन या माणसाला जात न्हाई?

घरी आल्याव सांगावं, तर मला राग येतो. म्या काय येडी म्हनून दारात उभी ऱ्हाते का? तरी एकदा सांगितलं, तर मान हालीवली आन वैरण टाकाय गेले. मंग म्या बोलनंच टाकलं. पर ते निघाले की फाट्यावून सायकल परत दिसोस्तर माझा जीव थाऱ्याव नसतो. तुहं ते ऐकत्यात. तू लिही.

छबू

मामा, नमस्कार. मीही आबांना दोनदा सांगितले. त्यांनी "बरं, बरं" म्हटले. आदिनाथच्या कानावर अजून घातलेले नाही. घातले तर ते सायकलच काढून टाकतील. — रुपाली


संगमनेर
६ डिसेंबर २०२५

दाजी,

मोठा दिवा पाठवत नाही. आहे तो पुरेसा आहे, फक्त तो कॅनच्या आड आहे. चूक माझी. कॅरिअर आहे का ते मी विचारलं, कॅरिअरवर काय असतं ते विचारलं नाही. माझ्या डोळ्यांपुढं तुमच्या जुन्या किटल्या होत्या, हँडलच्या दोन बाजूंना लटकणाऱ्या. गाई वाढल्या, किटल्या गेल्या, कॅन आला, हे माझ्या लक्षातच आलं नाही. अंगणात तपासताना सायकल रिकामी होती. तसा दिवा तपासून उपयोग नाही. कॅन बांधून तपासायचा असतो.

दिवा तिथून काढा आणि कॅन ज्या पट्ट्यानं बांधता त्या पट्ट्याला मागच्या बाजूनं अडकवा. एवढंच काम आहे.

हे मला आक्कानं कळवलं. तिच्यावर रागावू नका. ती दारातून "जपून जा" म्हणत नाही. दिवा दिसत नाही, असं ओरडते. पंधरा दिवस रोज ओरडते आहे. गोजरबाईला ऐकू जातं.

दाजी, मी तुमच्याहून लहान, लिहावं का नाही असा दोन दिवस विचार केला. तुमच्या वाडीला रेंज नाही म्हणता, पण आदिनाथ त्याच घरातून माझ्याशी अर्धा तास बोलतो आणि मागं गाय हंबरली तरी मला कळतं. मडगार्ड खडखडतं ते "लोक म्हणतात". ट्रॅक्टरची गाणी तुम्हाला वाऱ्यानं ऐकू येत नाहीत. दुकानात येणारा प्रत्येक जण पुढचा दिवा मागतो. मागचाच पाहिजे, दोन पाहिजेत, असं म्हणणारं गिऱ्हाईक मला आजवर भेटलं नव्हतं. मागून येणारं ज्याला ऐकू येत नाही, तोच तसं म्हणेल.

आदिनाथला मी बोललो नाही, बोलणारही नाही. पण आक्काला तुम्ही सांगा. तिला वाटतं, तुम्ही तिला मोजत नाही.

सोबत एक गोल आरसा पाठवतो. हँडलच्या उजव्या टोकाला बसतो. दिव्यामुळं मागच्याला तुम्ही दिसता, आरशामुळं तुम्हाला मागचं दिसतं. तुम्हाला दोन्ही पाहिजेत.

गोरक्ष


धामणवाडी
८ डिसेंबर २०२५

गोरक्ष,

दिवा पट्ट्याला बांधला. बाकी जे लिहिलेस ते तुझ्यापाशी ठेव. माझे कान माझ्या वयाला शोभतील असेच आहेत. आरसा कारभारीबरोबर परत पाठवत आहे. आरसा लावून फिरायला मी काय नवरदेव आहे?

भिमाजी


संगमनेर
९ डिसेंबर २०२५

दाजी,

पत्र मिळालं. आरसा मिळाला नाही. कारभारी म्हणतो, आबांनी चिठ्ठी दिली, आरसा काही दिला नाही. द्यायचा राहिला असेल. मी आठवण करणार नाही.

गोरक्ष


धामणवाडी
२९ डिसेंबर २०२५

गोरक्ष,

इतके दिवस लिहिले नाही. आजारी नव्हतो. काय लिहावे ते ठरत नव्हते.

दिवा पट्ट्याला बांधल्यापासून ट्रॉल्या लांबून जाऊ लागल्या. एक ड्रायव्हर तर डेअरीजवळ ट्रॅक्टर थांबवून म्हणाला, "बाबा, आता दिसता तुमी. आधी म्या तुमाला दोनदा कॅन समजून चुकीवलं." म्हणजे माझा कॅन दिसत होता, मी नाही. तरी माझी धास्ती गेली नाही. दिवा आहे का गळून पडला, हे बघायला मी वाटेत तीनतीनदा उतरत होतो. डेअरीत रोज उशीर होऊ लागला.

शेवटी आरसा बसवला. अंधारात बसवला, म्हणजे कोणी बघू नये. मागच्या सोमवारची गोष्ट. छबू दारात उभी होती, मी सायकलवर बसलो आणि नेहमीसारखा हात वर केला. दहा-बारा पावले गेलो असेन, सहज आरशात बघितले. दारातला बल्ब तिच्या मागे होता, त्यामुळे तिचे तोंड दिसत नव्हते, नुसती आकृती दिसत होती. निरोप देणारे माणूस एक हात हलवते. ती दोन्ही हात हलवत होती. पदर खांद्यावरून घसरला होता तो तिने सावरला नव्हता.

एवढी वर्षे मी वळून बघितले नव्हते. कॅन घेऊन वळता येत नाही, तोल जातो.

मी उतरलो आणि सायकल हाताने ढकलत परत आलो. ती काहीतरी बोलली. मला कळले नाही. पुन्हा बोलली. मला वाटले नेहमीसारखी मान हलवावी आणि जावे. हलवलीही होती. पण तिने सायकलचे हँडल धरले. तेव्हा म्हणालो, "छबू, मला ऐकू येत न्हाई."

ती जवळ आली आणि कानाला तोंड लावून ओरडली, "दिवा लावलाच न्हाई तुमी!"

खरेच लावला नव्हता. बांधला होता, बटण दाबायचे राहिले होते.

मग तिने विचारले, "कधीपासून?"

मी म्हणालो, "आताच राह्यला."

"दिवा न्हाई. कान."

मी दोन वर्षे म्हणालो. खरे तर तीन आहेत, पण एकदम तीन सांगवेना. ती ओट्यावर बसली. मला वाटले आता रडते. ती म्हणाली, "म्हंजी दोन वरसं म्या बोलले ते समदं वाया गेलं?"

"समदं न्हाई," मी म्हणालो. "जवळून बोललीस ते आलं."

"आन म्या गोजरबाईला सांगत व्हते, आमचा माणूस म्हातारपणी लई गुणी झाला, उलटून बोलत न्हाई म्हनून!"

त्या दिवशी दूध पोहोचवायला वीस मिनिटे उशीर झाला. डेअरीवाला काही तरी बोलला, ते मला ऐकू आले नाही. त्याचे मात्र बरे वाटले.

आदिनाथला तिनेच सांगितले. मी आत गोठ्यात होतो. मला वाटले आता सायकल गेली. तो आला, सायकलपाशी उभा राहिला, आरसा इकडेतिकडे फिरवून बघितला, मागचा दिवा लावला, विझवला. मग माझ्यासमोर येऊन, तोंड नीट दिसेल असा उभा राहून सावकाश म्हणाला, "आरसा जरा खाली करा. निस्तं आभाळ दिसतंय." एवढेच बोलला. सायकल अजून आहे. पुढच्या आठवड्यात तो मला संगमनेरला कानाच्या डॉक्टरकडे नेणार आहे. तेव्हा तुझ्या दुकानात येऊ. कानाच्या मशीनचे तुला काही कळत नाही हे मला माहीत आहे, तरी चौकशी करून ठेव. दोन्ही कानांना लागते का एकाला पुरते? चार्जिंग संपले तर आधी मंद होते का एकदम बंद? फार भारीतले नको. रोजच्याला पुरेल एवढे असावे. छबू म्हणते, फार तगडे घेऊ नका, नाहीतर गोजरबाईशी मी काय बोलते तेही ऐकाल.

आता ती दारातून ओरडत नाही. मी दहा-बारा पावले जातो आणि थांबतो. दिवा दिसत असेल तर ती एक हात वर करते. दोन हात दिसले तर मी उतरतो. कालपर्यंत एकदाच उतरलो.

एक अडचण राहिली आहे. सकाळी धुके असते, त्याने आरसा ओला होतो आणि ती नुसती पांढरी दिसते, एक हात आहे का दोन ते समजत नाही. मी सदऱ्याने पुसतो, पण लगेच पुन्हा भरतो. त्यावर काय लावावे ते कारभारीबरोबर लवकर कळव.

भिमाजी